वाळूवर गवत उभं करताना

चंडीगडच्या ईशान्येला शिवालिकच्या ठिसूळ टेकड्या आहेत. त्यांच्यातून उतरणाऱ्या हंगामी ओढ्यांना इथे ‘चो’ म्हणतात. वर्षातला बराच काळ ते कोरडे असतात आणि पावसाळ्यात काही तासांत पात्राबाहेर जातात. पाणी ओसरलं की काठच्या रानावर वाळूचा थर उरतो. या वाळूवर चारा-गवत उभं करणं हे माझं काम. काळ्या मातीत वाढलेल्या मराठी माणसाला ही जमीन मेलेली वाटते. ती मेलेली नसते.

वाळूत पाणी टिकत नाही, हे अर्धंच खरं. वरचा थर वाळला की तो पांघरुणासारखा खालची ओल राखतो. म्हणून इथे मी नांगर घालू देत नाही. जमीन उलटली की ओल उडते आणि पुढच्या पुरात सुटी वाळूही जाते. पहिल्या पावसाने वाळू भिजली, की प्रवाहाला आडव्या ओळींत मुंज आणि कांस या गवतांची ठोंबं लावायची. एका ओळीतली फट दुसऱ्या ओळीतल्या ठोंबासमोर यायला हवी. पाणी त्यांच्यात अडखळतं, मंदावतं आणि सोबत आणलेला बारीक गाळ तिथेच टाकतं. जो पूर रान खरवडून नेतो, तोच गवत उभं असेल तर माती देऊन जातो. गाळ साचला की हरळी आपली आपण पसरते, मग अंजन गवत पेरता येतं. शीशम आणि खैराची रोपंही अशा वाळूत आपणहून उगवतात.

खताचंही तसंच. युरिया एकदम टाकला, तर एका मोठ्या सरीबरोबर मुळांच्या खाली निघून जातो. शेणखत भरपूर द्यावं आणि नत्र थोडं थोडं, विभागून. जनावरं मात्र सर्वांत शेवटी. मुळं धरण्याआधी खुरं फिरली, की वाळू पुन्हा मोकळी होते.

इथेच खरा प्रश्न सुरू होतो. जनावरं थांबवायची कशी? इंग्रज सरकारने 1900 साली पंजाबात चो-कायदा केला आणि टेकड्यांवरची चराई व तोड रोखण्याचे अधिकार घेतले. तरीही 1958 साली सुखना चो अडवून चंडीगडचा तलाव झाला, तेव्हा उघड्या टेकड्यांची माती त्यात उतरू लागली. गाळ कुठून येतो, हे शोधत केंद्रीय मृद् व जलसंधारण संस्थेच्या चंडीगड केंद्रातले पी. आर. मिश्र आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकात सुखोमाजरी या गुज्जरांच्या छोट्या गावी पोचले. तिथे मातीचे छोटे बंधारे झाले, शेताला पाणी मिळालं. पण सुरुवातीला ते काहींच्याच रानात पोचत होतं. ज्याला पाणी नाही, त्याने आपल्या शेळ्या का आवराव्यात? मग गावाने ठरवलं, पाण्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा, भूमिहीनांचासुद्धा. त्यानंतर गावानेच टेकडी राखली. शेळ्या कमी झाल्या, म्हशी वाढल्या. उतारावरचं भाबड गवत कोवळं असताना चारा देतं आणि पिकल्यावर दोर व कागदासाठी विकलं जातं. त्याचंही उत्पन्न गावाच्या हाती आलं.

या व्यवस्थेला तेव्हापासून ‘सामाजिक कुंपण’ म्हणतात. महाराष्ट्रात राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारनेही चराईबंदी गावाच्या निर्णयानेच पाळली. हिवरेबाजारात गवत कापून न्यायची मुभा ठेवली, जनावर सोडायची नाही. ही एक गोष्ट माळावर जितकी चालते, तितकीच चोकाठच्या वाळूवर चालते, कारण विळा पानं नेतो आणि ठोंब जागेवर ठेवतो.

म्हणून नदीकाठचं वाळूचं रान किंवा उजाड गायरान कुणी दाखवलं, तर मी बियाण्याचं नाव नंतर सांगते. कापलेल्या गवताचा भारा कोणाकोणाच्या घरी जाणार, ते गावाने आधी ठरवावं. ज्या घरांत तो पोचणार नाही, त्यांच्याकडे राखणीचं काही कारणच उरत नाही.