जहाजाच्या कुशीवरची रेघ

३१ मेच्या मध्यरात्री अरबी समुद्रात सहसा काहीच घडत नाही. मान्सून कधी केरळात पोचलेला असतो, कधी अजून वाटेत रेंगाळत असतो आणि मुंबईच्या गोदीवर बहुधा कोरडंच आभाळ असतं. पण मालवाहू जहाजांचा नियम त्या रात्री बदलतो. १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात हा समुद्र ‘ट्रॉपिकल’ धरला जातो आणि जहाजाला थोडं जास्त भरण्याची मुभा असते. १ जून उजाडला की तोच समुद्र ‘समर’ ठरतो, मुभा संपते आणि ती ३१ ऑगस्टपर्यंत परत मिळत नाही. बंगालच्या उपसागराची तारीख आणखी अलीकडची. तिथे १ मेपासून ३० नोव्हेंबरपर्यंत कमी भरायचं, कारण मे महिन्यातली आणि पावसाळ्यानंतरची चक्रीवादळं त्या पाण्याच्या पाचवीलाच पुजलेली आहेत.

कोकणातल्या कोळ्याला हे कुणी शिकवलेलं नाही. तो जूनच्या आधी होड्या वर ओढून शाकारतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर त्या पुन्हा पाण्यात लोटतो. जगभरची सरकारं १९६६ साली लंडनमध्ये भाररेषेच्या, म्हणजे जहाज कुठवर बुडू द्यायचं ते सांगणाऱ्या रेघेच्या, कराराला बसली, तेव्हा त्यांनी नकाशावर आखलेला अरबी समुद्राचा ऋतू कोळ्यांच्या याच अनुभवाशी मिळताजुळता निघाला.

मुभा किती, तर ‘समर’ रेषेपर्यंत जहाज जितकं बुडतं त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतकी. बारा मीटर बुडणाऱ्या जहाजाला त्याचे पंचवीस सेंटिमीटर होतात, म्हणजे जेमतेम एक वीत आणि वर दोन बोटं. पण पनामॅक्स आकाराचं जहाज एक सेंटिमीटर खाली जायला सुमारे ६५ टन माल लागतो. त्या पंचवीस सेंटिमीटरांत सव्वासोळाशे टन बसतात, दहा टनी ट्रक धरले तर एकशे साठांहून जास्त. भाडं टनावर मिळतं. या धंद्यातले सगळे वाद त्या वीतभर पट्ट्यातच का होतात, ते यावरून समजावं.

ही रेघ बंदरात कुणालाही दिसते. जहाजाच्या लांबीच्या मध्यावर दोन्ही कुशींना ३०० मिलिमीटर व्यासाचं एक वर्तुळ असतं आणि त्याच्या मधोमध ४५० मिलिमीटरची आडवी रेघ. वर्तुळाच्या बाजूला दोन अक्षरं असतात, ती रेषा ठरवून देणाऱ्या संस्थेची. मुंबईत पवईला मुख्यालय असलेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगची अक्षरं ‘आय’ आणि ‘आर’. वर्तुळापासून नाळेच्या दिशेला ५४० मिलिमीटरवर एक उभी रेघ आणि तिला फुटलेल्या लहान आडव्या रेघा: समर, विंटर, ट्रॉपिकल, गोडं पाणी, उष्ण कटिबंधातलं गोडं पाणी. शंभर मीटरपर्यंतच्या जहाजांना उत्तर अटलांटिकमधल्या हिवाळ्यासाठी आणखी एक रेघ असते, ‘विंटर’च्याही ५० मिलिमीटर खाली. सगळ्या रेघा २५ मिलिमीटर जाडीच्या. त्या नुसत्या रंगवून चालत नाही, पत्र्यावर कायमच्या उठवाव्या लागतात. रंग खरवडला तरी रेघ जागची हलता कामा नये, यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

या रेघेमागे रक्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडची जहाजं जगभर फिरत होती आणि त्यातली कित्येक इतकी भरलेली असत की बंदर सोडतानाच डेकवर पाणी यावं. लंडनच्या विमा मंडळींनी १८३५ साली एक ठोकताळा सुचवला होता: मालाच्या कोठाराची जितके फूट खोली, तितक्या वेळा तीन इंच डेक पाण्याच्या वर राहू द्यावा. तो सल्ला होता, बंधन नव्हतं. जुनं जहाज भरपूर विमा उतरवून, गळ्यापर्यंत भरून पाठवलं तर ते पोचलं काय आणि बुडालं काय, मालकाचं नुकसान होत नसे. खलाशांनी या जहाजांना शवपेट्या म्हणायला सुरुवात केली. करारावर अंगठा उठवल्यावर जहाज बघून एखाद्याने जायला नकार दिला, तर कायद्याने त्याला तुरुंगात टाकता येई, आणि टाकलंही जाई. १८६६ च्या जानेवारीत ‘लंडन’ नावाची आगबोट बिस्केच्या उपसागरात बुडाली, दोनशेहून अधिक माणसं गेली आणि एकोणीस वाचली. जास्त भरलेल्या जहाजांचा प्रश्न त्यानंतर वर्तमानपत्रांत गाजू लागला.

सॅम्युएल प्लिमसोल (१८२४–१८९८) हा खलाशी नव्हता आणि जहाजमालकही नव्हता. कोळशाचा व्यापारी. एकदा धंद्यात बुडून लंडनमधल्या गरिबांच्या वस्तीत राहिला होता, त्यामुळे पोटासाठी माणूस काय काय पत्करतो हे त्याने पाहिलं होतं. भाररेषेची मागणी त्याच्या आधी टाइनकाठच्या जेम्स हॉल या जहाजमालकाने लावून धरली होती, हे सांगायलाच हवं. मालकांतही माणसं होती. प्लिमसोलने ती मागणी उचलली आणि सोडली नाही. १८६८ मध्ये तो डर्बीतून संसदेत गेला, १८७३ मध्ये त्याचं ‘अवर सीमेन’ हे पुस्तक आलं आणि त्याच वर्षी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. २२ जुलै १८७५ ला पंतप्रधान डिझरायलींनी जहाजांविषयीचं विधेयक मागे ठेवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा प्लिमसोलने भर सभागृहात मुठी आवळल्या आणि समोर बसलेल्या जहाजमालक सदस्यांना खलनायक म्हटलं. त्याला माफी मागावी लागली. पण देश त्याच्या बाजूने उभा राहिला, घाईने तात्पुरता कायदा झाला आणि १८७६ मध्ये ब्रिटिश जहाजांवर रेघ सक्तीची झाली.

मात्र रेघ कुठे काढायची ते मालकावर सोडलं होतं. कार्डिफच्या एका कप्तानाने ती धुराड्यावर रंगवली, अशी कथा गोद्यांमध्ये सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या कायद्याची किंमत ती नेमकी सांगते. रेघेची जागा गणिताने ठरायला आणखी चौदा वर्षं गेली. लॉइड्स रजिस्टरचे मुख्य सर्व्हेअर बेंजामिन मार्टेल यांनी जहाजाची लांबी, खोली, आकार पाहून फ्रीबोर्डचे, म्हणजे डेक पाण्याच्या किती वर राहायला हवा याचे, तक्ते तयार केले आणि १८९० च्या कायद्याने रेघ सरकारी झाली. १९०६ मध्ये ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परक्या जहाजांनाही ती लागू झाली. त्याच सुमाराला तक्ते थोडे सैलही केले गेले, ज्यामुळे जहाजं पूर्वीपेक्षा खोल भरता येऊ लागली. खलाशांनी त्याचा राग बरीच वर्षं धरला.

त्या खलाशांत आपली माणसं होती. रत्नागिरीच्या खाड्यांतून डेकवर गेलेले खलाशी, गोव्यातून सलूनमध्ये गेलेले तारवटी. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी पट कमी असे. रेघ मात्र दोघांना सारखीच होती. प्लिमसोलचं खरं मोठेपण प्रस्तुत लेखकाला इथेच दिसतं. त्याने मागितला तो कप्तानाच्या कपाटातला कागद नव्हता. ज्याला वाचता येत नाही अशा खलाशालाही धक्क्यावर उभं राहून दिसावी, अशी बाहेरची खूण त्याने मागितली. लंडनला टेम्सच्या काठी त्याचं स्मारक आहे, १९२९ मध्ये उभारलेलं, तेही खलाशांच्या संघटनेने.

प्रस्तुत लेखक ड्राफ्ट सर्व्हेअर आहे. जहाज भरण्याआधी आणि भरल्यावर ते किती बुडालं ते वाचायचं आणि त्यावरून माल किती चढला ते काढायचं, हे या धंद्याचं काम. सांगायला सोपं आहे. नाळ, मध्य आणि पिछाडी, प्रत्येकी दोन्ही बाजू, असे सहा आकडे. मीटरचे आकडे दहा सेंटिमीटर उंचीचे असतात आणि आकड्याची खालची कड म्हणजे माप. धक्क्याच्या बाजूचे आकडे वाकून दिसतात, समुद्राच्या बाजूसाठी लाँच घ्यावी लागते किंवा दोराच्या शिडीवरून उतरावं लागतं. लाट आकड्यावर चढते-उतरते. तिचा वरचा आणि खालचा बिंदू पुन्हा पुन्हा पाहून मधला धरायचा, त्याला घाई चालत नाही.

मग पाणी. खाऱ्या पाण्याची घनता १.०२५, गोड्याची १.०००. जहाज गोड्या पाण्यात जास्त बुडतं आणि समुद्रात गेलं की वर येतं, म्हणून नदीतल्या बंदरात रेघ थोडी बुडवायला नियम परवानगी देतो. कोलकात्याहून निघालेलं जहाज हुगळीतून समुद्रापर्यंत जाताना जितकं इंधन जाळेल, तितक्या वजनाचीही सूट मिळते. पण सूट मोजून घ्यायची असते. एखाद्या जहाजाची गोड्या पाण्यातली सूट २०० मिलिमीटर असेल आणि गोदीतलं पाणी १.०१० भरलं, तर त्याच्या वाट्याला १२० मिलिमीटरच येतात, पूर्ण दोनशे नव्हेत. मुरगावला पावसाळ्यात झुआरीचं गोडं पाणी वर तरंगतं आणि खाली खारं राहतं, भरती-ओहोटीबरोबर घनता बदलते. वरवर बुडवलेली एक बादली तिथे खोटं बोलते. नमुना वरचा, मधला, तळाजवळचा, तिन्ही घ्यायला हवेत आणि ते ड्राफ्ट वाचतानाच घ्यायला हवेत.

जहाजाचा सांगाडाही वाकतो. मधल्या होल्डमध्ये भार जास्त पडला की पोट खाली येतं, आणि वर्तुळ नेमकं पोटावर असतं. नाळ आणि पिछाडीची सरासरी काढून ‘अजून पाच सेंटिमीटर आहेत’ असं म्हणणारा मनुष्य मध्यावरची बुडालेली रेघ बघायलाच गेलेला नसतो. शेवटचे काही शे टन एका पुढच्या आणि एका मागच्या होल्डमध्ये जोखून टाकायचे असतात, तेव्हा लोडिंगवाल्यांना घाई असते, पायलट चढायच्या बेतात असतो आणि ‘जाऊ द्या, समुद्रात वर येईल’ हे वाक्य हमखास कुणीतरी म्हणतं. या वाक्याला उत्तर म्हणजे पाण्याची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा. दुसरं उत्तर नाही.

पण रेघ सगळं सांगत नाही, आणि हे न कळल्याने माणसं मेली आहेत. १६ एप्रिल २०१४ ला दक्षिण कोरियाची ‘सेवोल’ फेरी इंचॉनहून जेजू बेटाकडे जाताना उलटली. ३०४ माणसं गेली, त्यात २५० एकाच शाळेची मुलं. तिला ९८७ टन मालाची मंजुरी होती आणि तिच्यावर दोन हजार टनांहून अधिक माल होता. एवढ्या मालाने रेघ बुडायला हवी होती. ती बुडाली नाही, कारण तळाच्या टाक्यांतलं बॅलास्टचं पाणी कमी करून जहाज वर उचललं होतं. ज्या पाण्याच्या वजनाने जहाज सरळ राहिलं असतं तेच काढलं आणि बाहेरून सगळं नियमात दिसलं. रेघ बुडण्याची मर्यादा सांगते. तोल सांभाळायला स्थिरतेचं वेगळं गणित आहे आणि ते त्या दिवशी केलं गेलं नव्हतं.

आपल्या किनाऱ्यावरचा धडा लोहखनिजाच्या भुकटीचा. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’ ही दोन जहाजं भुकटी घेऊन बुडाली. ओलसर भुकटी जहाजाच्या थरथरीने चिखलासारखी पातळ होते आणि एका बाजूला वाहत जाते. रेघ मुकाट पाण्याच्या वर असते आणि जहाज कलत असतं. घाऊक मालाची आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०११ पासून सक्तीची झाली. उघड्यावर भिजलेल्या ढिगाचा ओलावा प्रयोगशाळेतून मोजून आल्याशिवाय तो माल जहाजावर घ्यायचा नाही, ही गोष्ट गोव्यापासून ओडिशापर्यंत कुणाच्याही मर्जीवर राहता कामा नये.

नियम स्वतःच बदलत आला आहे, तोही बहुधा बुडालेल्या जहाजांमुळे. १९२८ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून निघालेली ‘वेस्ट्रिस’ बुडाली, शंभराहून अधिक माणसं गेली. तिच्यावर जास्त माल होता. दुसऱ्या वर्षी अमेरिकेने भाररेषेचा कायदा केला आणि १९३० मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. ९ सप्टेंबर १९८० ला ‘डर्बीशायर’ हे ब्रिटिश जहाज लोहखनिज घेऊन जपानजवळ वादळात नाहीसं झालं, ४४ माणसांसह. धोक्याचा संदेशसुद्धा आला नाही. खलाशांच्या नातेवाइकांनी चौकशीचा आग्रह सोडला नाही, १९९४ मध्ये अवशेष सापडले आणि २००० मध्ये न्यायाधीशांनी कारण सांगितलं: पुढच्या डेकवरचे व्हेंटिलेटर मोडून पाणी आत शिरलं, नाळ खाली गेली आणि हॅचची झाकणं लाटांच्या दाबाने फुटली. १ जानेवारी २००५ पासून पुढच्या झाकणांनी किती दाब सोसायला हवा याचे आकडे वाढले. रेघ किती वर काढायची हे झाकणं, दारांचे उंबरे आणि व्हेंटिलेटर यांच्या भरवशावरच ठरतं. एक सडलेला रबरी गॅस्केट ते सगळं गणित रद्द करू शकतो. म्हणून दरवर्षीच्या भाररेषा तपासणीत सर्व्हेअर वर्तुळ मोजून थांबत नाही, तो झाकणं बघतो.

आज कोकणातून, गोव्यातून, देशावरूनही मुलं मर्चंट नेव्हीत जातात. त्यांना एवढंच सांगायचं आहे. लोडिंग संपत आलं की मिडशिपचा ड्राफ्ट दोन्ही बाजूंनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, शिडी उतरावी लागली तरी उतरा. पाण्याची घनता स्वतः घ्या, कालची लिहू नका. बॅलास्टच्या टाक्यांची मापं आकड्यांनिशी मागा. आणि रेघ बुडाली असेल तर कप्तानाला सांगा, तिथे ऐकलं नाही तर बंदरातल्या पोर्ट स्टेट कंट्रोलला कळवा. जहाज थांबवण्याचा अधिकार त्यांना करारानेच दिलेला आहे, आणि तक्रार करणाऱ्या खलाशाला त्याबद्दल त्रास देता येत नाही, हेही आता आंतरराष्ट्रीय कायद्यात लिहिलेलं आहे.