मुरमाची पांदण

वडिलांची ॲटलास बावीस इंची होती. काळी, मागे कॅरिअर, पुढे डायनॅमोचा दिवा. आम्ही नागपूरच्या प्रताप नगरात राहायला आलो तेव्हा रिंग रोडच्या पलीकडे ले-आऊट पडायला लागले होते. प्लॉटांचे दगड रोवलेले आणि त्यांच्या मधे तूर उभी, असं चित्र थेट जयताळ्यापर्यंत होतं. त्या ॲटलासवर मी कैची शिकलो ती बंडीच्या वाटेवर. डांबरी रस्त्यावर सायकल न्यायची परवानगी नव्हती, कारण तिथे ट्रक होते. पांदणीवर फक्त बैल होते, आणि बैल आपणहून बाजूला होतात.

पांदण मला तेव्हापासून आवडते. दोन धुऱ्यांच्या मधून जाणारी, दोन्ही बाजूंनी बोरीबाभळींनी धरलेली, शेताला आणि पुढच्या गावाला नेणारी वाट. ती कुणा एकाची नसते, गावाची असते. आमच्या बाजूला तिचा गुण वेगळाच आहे, आणि त्याचं कारण जमिनीखाली आहे. नागपूर दोन खडकांच्या सांध्यावर वसलंय. पूर्वेकडे फार जुना नाईस खडक, पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण. हा काळा पाषाण झिजला की वर काळी माती होते आणि तिच्या खाली मुरूम राहतो. ज्या पांदणीवर मुरूम उघडा पडलाय किंवा टाकलाय, ती पाऊस थांबला की दोन दिवसांत वाळते. जिथे नुसती काळी माती आहे, तिथे आठवडाभर पाय टाकायची सोय नाही. ती माती पाण्याने फुगते, टायरला थरावर थर चिकटते आणि शेवटी ब्रेकपाशी चाकच जाम करते. मग काडीने माती खरवडत, सायकल खांद्यावर घेऊन परतायचं.

नव्वदच्या दशकात रेंजर सायकल आली. सरळ हँडल, जाड टायर, त्यावर उठावदार गुट्ट्या. आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक पोराला ती हवी होती, आणि मला ती मिळाली. माझ्या रेंजरला गिअर नव्हते, तरी ज्या वाटेवर ॲटलास खडखडायची तिथे ही निवांत जायची. खामल्याहून सोनेगावच्या तलावाकडे, तिथून जयताळा, इसासनी. पुढे हिंगण्याच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटली की डबे लटकवलेल्या सायकलींची रांगच्या रांग समोरून यायची.

‘माउंटन बाईक’ हे नाव मी रेंजरच्या जाहिरातीमुळे ऐकलं. तिची खरी गोष्ट खूप नंतर वाचली. कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसच्या उतारावर काही तरुण जुन्या, जाडजूड सायकली घेऊन धूळवाटांनी खाली सुसाट यायचे. 1976मध्ये त्यांनी त्या भागात शर्यती सुरू केल्या. 1981मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर बाजारात आली, आणि 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पदकाचा झाला. पण मला त्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळा वाटतो. त्या पोरांच्या जुन्या सायकली बहुतेक श्विन कंपनीच्या होत्या. श्विन शिकागोची, आणि शिकागो आपल्या नागपूरसारखंच सपाट. तिने 1933मध्ये लहान मुलांच्या दणकट सायकलींसाठी फुगीर टायर आणले होते. म्हणजे हे चाक डोंगरावर चढलं उशिरा. त्याचा जन्म मैदानातला. पांदणीवर ते इतकं रुळतं याचं मला तेव्हापासून नवल वाटेनासं झालं.

मधली बरीच वर्षं नोकरी आणि स्कूटरमध्ये गेली. मुलं मोठी झाल्यावर गिअरची सायकल घेतली, पुढे शॉकअप, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. नागपुरात तोवर सायकलचं वारं जोरात होतं. आपल्या शहरातल्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, पुढच्या वर्षी सैबेरियाची नऊ हजार किलोमीटरहून लांब शर्यत. त्यांच्यामुळे पहाटे वर्धा रोडवर, अमरावती रोडवर टोळ्या दिसू लागल्या. मला त्या सगळ्यांचं कौतुक आहे. माझा जीव मात्र पांदणीतच रमतो.

सपाट मुलखात काय चालवायचं, असं विचारणाऱ्यांना मी टायरमधली हवा दाखवतो. डांबरावर ती कडक ठेवायची. पांदणीवर तीस पौंडांच्या आसपास आणली की टायर खडा आपल्यात जिरवून घेतो. कडक टायर त्याच खड्यावर सायकलीसकट माणसाला उचलतो आणि ताकद तिथेच वाया जाते. मग चाकोरी. ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोरीत पुढचं चाक गेलं की हँडल आपलं राहत नाही, म्हणून मधल्या गवताच्या पट्ट्यावरून जायचं. पण गवतात गोखरू असतो. दिवाळीनंतर तो वाळून टणक होतो, आणि पाच-सहा काटे एकदम टायरमध्ये बसतात. ते ओढून काढायची घाई करायची नाही. आधी ट्यूब बाहेर घ्यायची, ओठांजवळ धरून फिरवत हवा कुठून सुटते ते शोधायचं, आणि पॅच लावायच्या आधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवायचं. एक काटा राहिला तरी पुढच्या धुऱ्यावर पुन्हा तेच. अशा वाटेवर दर फर्लांगाला काहीतरी बदलतं: मुरूम, वाळू, रपटा, ढेकळं, पुन्हा मुरूम. डोंगर नसला तरी लक्ष हलवता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात हिंगण्याच्या पुढे एक म्हातारे शेतकरी बंडीवर भेटले. त्यांनी बैल थांबवले आणि विचारलं, “प्लॉट पाहाले आले का जी?” मी म्हटलं, “नाही काकाजी, सायकल चालवायला आलो.” त्यांना ते पटायला वेळ लागला, कारण त्या भागात शहरातून येणारा माणूस जमिनीसाठीच येतो. मग म्हणाले, “समोर पांदण बंद आहे. बाजूवाला दरसाल एक तास इकडं सरकते. आता बंडी जात नाही, तुमची सायकल जाईन.” खरंच, नांगराच्या एकेका तासाने बारा हातांची वाट दोन हातांवर आली होती. मी गेलो. त्यांचा कापूस मात्र त्या वाटेने निघणार नव्हता.

तिथून जवळच शिवमडक्याला समृद्धी महामार्ग सुरू होतो. डिसेंबर 2022मध्ये त्याचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा खुला झाला. त्यावर सायकलीला आणि बैलबंडीला मज्जाव आहे, आणि तो असायलाच हवा. आम्ही दोघंही त्याच्या खालच्या बोगद्यांतून पलीकडे जातो. मोठ्या रस्त्याची मोजणी इंचाइंचाने झाली. बाजूच्या पांदणीची व्हायला शेतकऱ्याला तहसीलच्या चकरा माराव्या लागतात. 2021ची मातोश्री शेत-पाणंद रस्ते योजना कागदावर चांगली होती. सगळीकडे सिमेंट ओतायची गरज नाही. अतिक्रमण काढून, कडेने नाली खोदून मुरूम दाबला तरी बंडी, ट्रॅक्टर आणि सायकल तिघांचंही भागतं. यात पहिला हक्क शेतकऱ्याचा. आम्ही त्याच्या वाटेवरचे पाहुणे.

तेव्हा कोजागिरी झाली, जमीन वाळली की निघा. अगदी नवे असाल तर आधी अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात हात बसवा, तिथे सायकली मिळतात. पुढे जयताळ्याहून हिंगण्याच्या बाजूला वळा. बंडी दिसली की उतरून उभे राहा, कुणाच्या उभ्या पिकात चाक घालू नका, फाटकाची काटी जशी होती तशी लावा. पाणी भरपूर घ्या, पंक्चरचं सामान घ्या. आणि पांदण कुठे बुजलेली दिसली तर फोटो काढून त्या गावच्या तलाठ्याला दाखवा.