मालमोटारीलाही खिडकी हवी

माणूस आणि माल यांत फरक काय, असे कोणी विचारले तर मी सांगेन : मालाला वजन असते, माणसाला मत असते. आणि लोकशाहीत मताचेच वजन जास्त भरते!

आमच्या सिद्धेश्वरला पूर्णा नदीवर धरण आहे, मेट्रो नाही. सिद्धेश्वर म्हटले की लोक आम्हाला थेट सोलापूरला नेऊन सोडतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसदेखील तिथूनच सुटते. तरीसुद्धा मेट्रोशी आमचा संबंध आहे. वसमतची हळद ट्रकात बसून मुंबईकडे निघाली की तो येतोच.

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूरहून थेट भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत जातो. तिथवर ट्रक राजासारखा येतो. पुढे भिवंडी : जिकडे पाहावे तिकडे गोदामे! त्यातूनच ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो. २०१८ च्या डिसेंबरात भूमिपूजन झाले आणि रस्त्याच्या पोटातून खांब वर आले. घोडबंदर रस्त्यावर तीच तऱ्हा. न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनर आणि वडाळा-कासारवडवली मेट्रोचे खांब समोरासमोर! गर्दी वाढली की पाटी लागते : 'अवजड वाहनांस प्रवेश बंद'. आमचे एक ट्रकवाले खातेदार म्हणाले, "साहेब, पळायचा थकवा येत नाही बघा. थांबायचा येतो."

आता मेट्रो नकोच, असे कोण म्हणेल? गोदामात पोती उचलणाऱ्यालाही कामावर वेळेत पोचायचे असतेच की! पण बँकेत ठेवीदार आणि कर्जदार एकाच खिडकीवर उभे केले तर जे होईल, तेच इथे होते. दोघेही हवेत, खिडक्या मात्र दोन हव्यात. चाळीस फुटी कंटेनर वळवायला जागा किती लागते, हे खांब रोवण्याआधी विचारावे. ट्रकना दिवसा बंदी घालायची तर थांबायला तळ द्यावा. तिथे नळ, संडास आणि चहा असावा. नुसते 'नंतर या' म्हणणे आम्हा बँकवाल्यांना शोभते, सरकारला नव्हे.

मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम आली, ती बैलगाड्यांतून वाट काढत ३१ मार्च १९६४ पर्यंत चालली. जर्मनीतल्या ड्रेस्डेनने तर कमाल केली. २००१ ते २०२० या काळात फोक्सवॅगनच्या कारखान्याचे सुटे भाग तिथे चक्क ट्रामच्या रुळांवरून जात. झुरिकमध्ये २००३ पासून ट्राम घरातले मोठे भंगार गोळा करू लागली. म्हणजे रुळांना मालाचे वावडे नाही. आपल्याच नकाशाला आहे.

नकाशात प्रवासी ठळक रेघेने दाखवतात, माल दाखवतच नाहीत. ताळेबंदात जमा तेवढी लिहून नावेची बाजू कोरी ठेवावी, तसे हे. ट्रक ताटकळल्याचा खर्च कुठेतरी लिहिला जातोच. बहुधा वाण्याच्या बिलात.

मेट्रोतून गारेगार उतरलेला माणूस घरी जातो, वरणात चिमूटभर हळद पडते. ती काही मेट्रोने आलेली नसते.