वेण्णेचें तळें

वाईहून पसरणीचा घाट चढून पांचगणी मागें टाकली, कीं पुढील वाट पठारावरून, झाडींतून आणि स्ट्रॉबेरीच्या मळ्यांमधून जाते. या वाटेच्या शेवटीं, महाबळेश्वरचा बाजार दोनएक किलोमीटर उरला असतां, रस्त्याला लागूनच एक तळें दिसतें. हेंच वेण्णेचें तळें. लोकांच्या तोंडीं 'वेण्णा लेक'. महाबळेश्वरास जाऊन आलेला आणि हें तळें न पाहिलेला मनुष्य मिळणें कठीण. कारण तें पाहावयास कोणास मुद्दाम जावें लागत नाहीं, तेंच वाटेंत येतें. तळ्याचें सारें दुर्दैव या एका सोयींत सांठलेलें आहे.

तें कसें पाहावें हें आधीं सांगतों. मार्गशीर्ष-पौषांतील एखादा बिनसुटीचा दिवस निवडावा, उजाडण्यापूर्वीं बाजारांतून पायींच निघावें, अंगावर जाड शाल असावी, आणि अर्ध्या-पाऊण तासांत काठावर येऊन पोंचावें. त्या वेळीं पाणी दिसतच नाहीं. पिंजलेल्या कापसाची गादी पसरावी तसें धुकें तळ्यावर पसरलेलें असतें. पलीकडील झाडींतून ऊन आंत शिरलें म्हणजे तें एकदम नाहींसें होत नाहीं. त्याचे पुंजके सुटतात, पाण्यावरून सरकूं लागतात, आणि मधल्या फटींतून प्रथम एक काळा पट्टा, मग त्यांत उलटीं पडलेलीं झाडें, मग दोरांनीं बांधलेल्या बोटींची ओळ, असें तळें हप्त्याहप्त्यानें दृष्टीस येतें. जांभूळ, हिरडा, अंजनी अशीं ठेंगणीं, दाट पानांचीं झाडें. वाऱ्यापावसानें त्यांना उंच वाढूं दिलें नाहीं, पण त्यामुळेंच त्यांची सावली घट्ट झाली आहे. थंडी विशेष पडली तर बोटींच्या फळ्यांवर, काठच्या गवतावर आणि लिंगमळ्याकडील स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर धरतो. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रें त्यास 'बर्फ' म्हणून छापतात. तो बर्फ नव्हे, गोठलेलें दहिंवर होय. परंतु बर्फ म्हटल्यानें मुलांना अधिक आनंद होत असेल, तर शब्दासाठीं मी तंटा करणार नाहीं.

वेण्णा हें नांवही विचार करण्याजोगें आहे. पुराणांतील कथा अशी कीं, ब्रह्मदेवानें सह्याद्रीच्या माथ्यावर यज्ञ मांडला. ज्येष्ठ पत्नी सावित्री हिला येण्यास विलंब झाला, मुहूर्त टळूं लागला, म्हणून गायत्रीस जवळ बसवून संकल्प सोडण्यांत आला. मागाहून आलेल्या सावित्रीनें तें पाहिलें आणि साऱ्या देवांस शाप दिला कीं, तुम्ही जलरूप व्हाल. त्याप्रमाणें विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा झाली, ब्रह्मदेवाची ककुद्मती म्हणजे कोयना झाली. आणि सावित्री व गायत्री या दोघीही नद्या होऊन पश्चिमेस कोंकणांत उतरल्या. थोरलीचा मान चुकविला असतां घरांत काय होतें, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस फोड करून सांगावयास नको. सांगावयाचें तें एवढेंच कीं, ज्यास आपण सहलीची जागा म्हणतों तें पाणी परंपरेनें प्रत्यक्ष शिवस्वरूप मानिलेलें आहे. तळ्यांतून सुटलेली वेण्णा लिंगमळ्याच्या कड्यावरून उडी घेते, मेढ्यावरून कण्हेरच्या धरणांत येते, आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीस कृष्णेला मिळते. उगमापाशीं पाण्यांत जें पडेल तें इतक्या गांवांच्या दारावरून जावयाचें असतें.

हें तळें निसर्गानें केलेलें नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें येथील हवेवर लुब्ध होऊन १८२८ च्या सुमारास पेठ वसविण्याचें मनावर घेतलें, आणि १८२९ सालीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशीं करार होऊन ही जागा इंग्रजांकडे गेली. पुढें प्रतापसिंहांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज गादीवर आले, आणि त्यांनीं १८४२ सालीं येथील पाणी अडवून हा तलाव बांधविला. १८४८ सालीं महाराज वारले. डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलें. राज्य गेलें, तळें राहिलें. महाबळेश्वर आणि पांचगणी या दोन्ही गांवांच्या नळांस आजही येथून पाणी जातें.

शेवटच्या वाक्याकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी विनंति आहे. येथें वर्षाकांठीं सरासरी पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, मग पाण्याची काळजी कशाची, असें कोणासही वाटेल. परंतु डोंगराचा माथा जांभ्या दगडाचा आहे. त्यांतून कांहीं पाणी झिरपून झऱ्यांवाटे निघून जातें आणि उरलेलें उतारावरून धांवत खालीं जातें. डोंगरापाशीं राहतें फार थोडें. ज्येष्ठ लागेपर्यंत तळ्याचें पाणी हटत जाऊन कडेचा गाळ उघडा पडतो. नेमक्या त्याच वैशाख-ज्येष्ठांत, म्हणजे मे महिन्यांत, गांवांत माणसांची गर्दी सर्वांत मोठी असते. तेव्हां ज्या पाण्यावर पाहुणा दुपारीं बोट हांकतो, तेंच रात्रीं त्याच्या तांब्यांत येतें.

आपल्या धर्मशास्त्रांत सत्कर्माचे दोन भाग सांगितले आहेत, इष्ट आणि पूर्त. यज्ञयागादि तें इष्ट. विहिरी, तळीं, देवालयें, अन्नदान, उपवनें हें पूर्त. तळें खणल्यावर त्याचा उत्सर्ग करावयाचा, म्हणजे त्यावरील आपली मालकी विधिपूर्वक सोडून तें पाणी सर्व भूतांसाठीं मोकळें करावयाचें, असा परिपाठ होता. सर्व भूतांत मनुष्यें आलीं तशीं गुरें, पांखरें आणि मासेही आले. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत पाण्यांत थुंकण्याचाही निषेध आहे. आणि नवव्या अध्यायांत तळें फोडणाऱ्यास पाण्यांतच बुडवून मारावें इतकी कडक शिक्षा आहे. या शेवटच्या कलमाचा पुरस्कार मी करीत नाहीं. परंतु तळ्याला इजा करणारा हा एकाचा नव्हे, सर्वांचा अपराधी, ही जी समजूत त्यामागें आहे, ती मात्र आपण फार लवकर सोडून दिली.

आतां याच काठावर एखाद्या सुटीच्या दिवशीं दुपारीं चारच्या सुमारास यावें. पांचगणीकडून येणाऱ्या, बाजारांतून फिरावयास निघालेल्या, आणि आंबेनळीच्या घाटानें पोलादपुराकडे उतरणाऱ्या अशा तिन्ही तऱ्हांच्या मोटारी येथेंच एकमेकींस भेटतात. रस्ता एक, आणि त्याच्याच कडेला गाडी उभी करण्याचा प्रत्येकाचा हट्ट. रांग अशी लागते कीं, पुढची हलेपर्यंत मागच्यानें कर्णा वाजवावा आणि त्याच्या मागच्यानें त्याहून मोठा वाजवावा, एवढाच उद्योग उरतो. काठाला मक्याचीं कणसें भाजण्याच्या शेगड्या, तळणाच्या कढया, छर्‍याच्या बंदुकीनें फुगे फोडण्याचे फळे, आणि कागदाचे व प्लॅस्टिकचे पेले. घोडे तर पाण्याच्या कडेनेंच धांवतात. त्यांची लीद काठावर पडते, वाळते, आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर तळ्यांत उतरते.

एका मोटारींत एक वृद्ध बाई कांच खालीं करून बसल्या होत्या. नातू खालून विचारीत होता, "आजी, उतरतेस ना?" त्या म्हणाल्या, "उतरून जाऊं कुठें रे? तळें दिसतंय कुठें? सगळ्या गाड्याच तर आहेत!" बाईंचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. त्यांच्या आणि पाण्याच्या मध्यें मोटारींच्या दोन ओळी होत्या. म्हाताऱ्या माणसांस चालवत नाहीं म्हणून गाडी अगदीं पाण्यापाशीं न्यावी, असें आपण म्हणतों; आणि सर्वांनींच ती तेथें नेल्यामुळें म्हाताऱ्या माणसास पाणी दिसेनासें होतें.

कायद्याचें संरक्षण नाहीं असें नव्हे. केंद्र सरकारनें १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेनें महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. त्यानें बांधकामास व वृक्षतोडीस कांहींसा लगाम बसला, आणि तो बसला नसता तर आज लिहिण्यासारखें फारसें उरलें नसतें. पण रविवारची मोटारींची रांग त्या कागदानें हातभरही आंखडली नाहीं.

मग उपाय आहे कीं नाहीं? आपल्याच प्रांतांत दोन उदाहरणें आहेत. माथेरानला दस्तुरी नाक्यापाशीं मोटार थांबते ती थांबतेच. पुढें पायीं, घोड्यावर, किंवा नेरळहून १९०७ सालापासून येणाऱ्या छोट्या आगगाडीनें जावयाचें. तेथेंही वाद आहेत. माणसानें ओढावयाच्या रिक्षा हा एक लाजिरवाणा प्रकार तेथें वर्षानुवर्षें चालत आला, आणि तो सहा महिन्यांत बंद करून त्याऐवजीं विजेच्या रिक्षा आणाव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०२५ च्या ऑगस्टांत दिला. परंतु मोटारीवांचून थंड हवेचें ठिकाण बुडतें, हें म्हणणें माथेराननें खोटें ठरविलें आहे. दुसरें उदाहरण साताऱ्याजवळच्या कासचें. पश्चिम घाटाच्या यादींत २०१२ सालीं त्या पठाराची जागतिक वारसा म्हणून गणना झाली, गर्दी लोटली, फुलें तुडविलीं जाऊं लागलीं. तेव्हां फुलांच्या दिवसांत रोज किती माणसें घ्यावयाचीं याची संख्या ठरविण्यांत आली, गाड्या दूर थांबविण्यांत आल्या, आणि त्याच भागांतील गांवकरी देखरेखीस उभे राहिले.

वेण्णेच्या तळ्याची अडचण माथेरानहून निराळी आहे, हें मान्य केलें पाहिजे. येथून जाणारा रस्ता हा हमरस्ता आहे. तो बंद करतां येणार नाहीं. पण जाणारी गाडी आणि थांबणारी गाडी यांत भेद करतां येतो. तळ्याच्या दोन्ही अंगांना, पाणी दिसूं लागण्यापूर्वीं, वाहनतळ असावा. मधल्या पट्ट्यांत कोणीही थांबूं नये. आणि ज्यांना चालवत नाहीं त्यांच्यासाठीं विजेवर चालणाऱ्या दोन-चार लहान गाड्या असाव्यात. मग त्या आजीबाई मुलांआधीं पाण्यापाशीं पोंचतील.

घोडेवाले आणि कणीसवाले यांस हांकून द्या, असें म्हणणारा एक वर्ग आहे. त्याच्याशीं माझें जमत नाहीं. मुसळधार पावसांत घोडा बाहेर निघत नाहीं, पण त्याचें पोट थांबत नाहीं. चार-सहा महिन्यांच्या कमाईवर घोड्याचें आणि मालकाचें वर्ष काढावयाचें असतें. घोड्यांची फेरी पाण्यापासून मागें, झाडींपलीकडे न्यावी, आणि लीद खड्ड्यांत सांठवून मळेवाल्यांस द्यावी. स्ट्रॉबेरीला खत हवेंच असतें. दुकानेंही वाहनतळापाशीं गेलीं तर त्यांचें गिऱ्हाईक कमी होणार नाहीं. उतरलेला आणि परत चढणारा असा प्रत्येक मनुष्य त्यांच्यासमोरूनच जाईल. खरी हरकत त्यांच्याकडून येत नसून आपल्याकडून येते. आपल्यासारखीं सुशिक्षित कुटुंबें दोन मोटारी करून निघतात, वाटेंत गर्दीबद्दल शासनास नांवें ठेवितात, आणि दहा पावलें चालावयाचीं म्हटलीं कीं "पुढें जागा मिळते का पाहूं" म्हणतात.

हें सारें आतांच बोलण्याचें कारण दुसऱ्या एका पाण्यांत आहे. महाबळेश्वरहून खालीं तापोळ्यास उतरलें कीं कोयनेचा शिवसागर जलाशय पसरलेला दिसतो. ज्यांचीं घरें आणि शेतें त्याखालीं गेलीं, त्यांचीं मुलेंनातवंडें आज कांठांवर राहतात. पलीकडे कोयनेचें अभयारण्य आणि वासोट्याचें रान. या भागांतील दोनशेंहून अधिक गांवें घेऊन 'नवें महाबळेश्वर' वसविण्याची योजना शासनानें हातीं घेतली आहे. गांवकऱ्यांस रोजगार पाहिजे, यांत संशय नाहीं. मुंबईस जाऊन माथाडीचें काम करण्यापेक्षां आपल्या कांठीं चार पैसे मिळाले तर कोणास नको आहेत? पण जुन्या महाबळेश्वरावरील गर्दी कमी व्हावी म्हणून नवें वसवावयाचें असेल, तर नव्यांत रस्ता पाण्यापासून किती दूर ठेवावयाचा आणि मोटार कोठें थांबवावयाची, हें नकाशावर पहिली रेघ ओढतांनाच लिहून ठेवावें लागेल. वेण्णेच्या कांठीं आधीं गाडीवाट होती, मग मोटारी आल्या, आणि कोणी कांहीं ठरविण्यापूर्वींच सारें होऊन गेलें.

तापोळ्यास आज होड्या मिळतात. येत्या मार्गशीर्षांत घरांतील मंडळींना घेऊन तिकडे उतरावयाचा, होडीनें बामणोलीस जाऊन पुढें कासवरून सातारा गांठावयाचा बेत आहे. सूनबाईंनीं आतांपासूनच भाकरी आणि लसणाची चटणी बरोबर घ्यावयाची असें ठरविलें आहे. आणि मुलांना दोन पिशव्या दिल्या आहेत, एक खाऊची आणि एक रिकामी, परत येतांना कचरा आणण्यासाठीं.