पायांचा ‘आराम से’

सुरतगडहून बिकानेरला जायचं तर राष्ट्रीय महामार्ग ६२ धरायचा. जुन्या नकाशांत हाच १५ नंबर. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आणि वळणं बोटांवर मोजण्याइतकी. दोन्ही बाजूंना वाळू, खेजडीची झाडं, मध्ये लूणकरणसरला चहा. साताऱ्याच्या घाटांत गाडी शिकलेल्या माझ्यासारख्याला एवढा सरळ रस्ता सुरुवातीला गंमत वाटतो, पन्नास किलोमीटरनंतर शिक्षा वाटते. घाटात शरीर आपोआप हलत राहतं. गिअर बदला, ब्रेक दाबा, झुका, सावरा. इथे पाचवा गिअर टाकून ऐंशीवर गाडी लावली की तासभर गुडघा एकाच कोनात अडकून पडतो.

माझी गाडी मीटिअर ३५०. वजन १९१ किलो, सरळ रस्त्यावर बैलगाडीसारखी शांत. पाय ठेवायची जागा मुळातच थोडी पुढे आहे, पण गुडघा वाकतो तो वाकतोच. आणि माझा डावा गुडघा डोंगरातल्या एका पोस्टिंगची आठवण सांभाळून आहे. त्यापायी मेडिकल कॅटेगरी एक पायरी खाली आली, ती गोष्ट वेगळी. एमआय रूममधले डॉक्टरसाहेब म्हणाले, गाडी चालवा, पण गुडघा एका जागी गोठवू नका. घरून मात्र फोनवर निकाल लागला होता, “अहो, विकून टाका ती गाडी. ट्रेन आहे की!” मी जिना कसा उतरतो हे तिनं गेल्या सुट्टीत पाहिलं होतं, त्यामुळे वाद घालायला फारशी जागा नव्हती. पुढच्या रजेपर्यंतची मुदत तेवढी मागून घेतली.

त्या मुदतीत केलेला उद्योग म्हणजे हायवे पेग. पुढच्या लेग गार्डच्या नळीवर पकडीनं आवळायचे दोन दुमडते पायटे. मोकळ्या रस्त्यावर पाय उचलून त्यावर ठेवायचे, गुडघे मोकळे करायचे. बाजारात शे-दोनशेपासून कितीही रुपयांचे मिळतात आणि सगळे फोटोत सारखेच दिसतात. फरक असतो तो पकडीच्या मापात. माझ्या गार्डची नळी व्हर्नियरनं मोजली तर २५ मिलिमीटर भरली. दुकानात होती ती पकड ३२ ची. मिस्त्री म्हणाला, “साहब, ट्यूब की पट्टी लपेट देंगे, हिलेगा नहीं.” सात मिलिमीटरचा फरक सायकलच्या ट्यूबनं भरायचा! रबराचा एक पातळ थर चालतो, नळीला ओरखडे येत नाहीत आणि थरथर कमी होते. पण जाड गादी केली की पकड रबराला धरते, नळीला नाही. बरोबर मापाची जोडी यायला आठ दिवस लागले. मिस्त्री थोडा नाराज झाला, पण बसवताना मात्र मन लावून बसवली.

मापानंतरचा खरा प्रश्न, पेग कुठे आवळायचा? उभं राहून बघून ठरवू नये. गाडी मेन स्टँडवर लावली, रोजचे बूट घातले, सीटवर नेहमीसारखा बसलो आणि मिस्त्रीला पेग वर-खाली सरकवायला लावला. गुडघा पूर्ण ताठ होता कामा नये, किंचित वाकलेला हवा, नाहीतर प्रत्येक खड्डा थेट सांध्यात जातो. पेगवर तळव्याचा मधला भाग नको, टाच टेकली पाहिजे. उजव्या बाजूला सायलेन्सरची नळी पुढून खाली येते, तिच्यापासून पोटरी लांब राहते का ते पाहायचं. राजस्थानच्या मे महिन्यात तर ते पाहायलाच हवं. ब्रेकच्या पायट्याला आणि गिअरला पेग अडता कामा नये. शिवाय पेग वर आणि मागे दुमडला पाहिजे, म्हणजे वळणावर किंवा पडताना जमिनीला लागला तर तो मिटेल, रुतणार नाही. बोल्टला लॉक लावणारा डिंक लावला. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना फिरवला, गार्डच्या स्वतःच्या बोल्टांवरही. गार्ड पडल्यावर मार खाण्यासाठी बनवलेला असतो, दिवसभर कुणाचे तरी पाय सांभाळायला नाही.

आता अनुभव. पाय पुढे टाकले की गुडघ्याला लगेच सुख होतं, हे खरं. पण दहा-पंधरा मिनिटांत कळतं की सगळं वजन माकडहाडावर आलंय. वारा पाय फाकवतो, हात हँडलला लटकतात. खड्डा आला तर पायांवर जोर देऊन बूड उचलता येत नाही, धक्का सरळ कंबरेत. म्हणजे पेग ही बसायची जागा नाही, जागा बदलायची सोय आहे. पंधरा मिनिटं पुढे, अर्धा तास मागे, पुन्हा पाच मिनिटं पुढे. परेडवर ‘विश्राम’नंतर ‘आराम से’ मिळतो ना, तसंच. अंग सैल सोडायचं, पण ‘सावधान’ कधीही येऊ शकतं हे विसरायचं नाही.

आणि इथे ‘सावधान’ नीलगाय देते. ऐंशीच्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. पाय पेगवरून ब्रेकवर यायला एक सेकंद धरला तर तेवढा रस्ता मागच्या ब्रेकविना गेला. पुढचा ब्रेक हातात असतो, मान्य. पण रस्त्यावर वाळूची जीभ आलेली असेल तर एकट्या पुढच्या ब्रेकवर विसंबणं मला पटत नाही, एबीएस असला तरी. पाय गार्डच्या पुढे असताना पडलो तर गार्डचा आडोसाही गेलाच. म्हणून माझे नियम साधे आहेत. गाव, कालव्याचा पूल, ट्रकच्या मागे, संध्याकाळ, यातलं काहीही असलं की पाय जागेवर. युनिटमधले नवे पोरगे शहरातसुद्धा पाय पसरून हिंडतात, त्यांना सिनेमा आठवत असावा. मला त्यांच्या आया आठवतात.

गेल्या महिन्यात बिकानेरला जाऊन आलो. उतरल्यावर गुडघा धरून उभं राहावं लागलं नाही, हॉटेलचा जिनाही कठडा न धरता चढलो. तसं घरी कळवलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, “बरं. आणि मागं बसणाऱ्यानं गुडघे कुठं ठेवायचे?”

याचं उत्तर मिस्त्रीकडेही नाही. मागचे पायटे आहेत तिथेच राहणार. पुढच्या रजेत ती इकडे येईल तेव्हा दर चाळीस किलोमीटरला थांबायचं, एवढं तूर्तास ठरलंय. गाडी विकायचा विषय त्या दिवशी निघाला नाही.