आकाशातून जाळी मोजताना

बीदरकरांना विमानाचं नवल नाही. हवाई दलाच्या तळावरून उठलेली विमानं डोक्यावर घरघरत असतात. सूर्यकिरण पथक १९९६ साली इथेच उभं राहिलं. त्यांच्या कसरती गच्चीवरून पाहत आमची एक पिढी मोठी झाली. पण विमानातून कोणी नदीतली जाळी मोजत असेल, हे मला अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर मामांबरोबर कारंजा जलाशयावर गेले होते. भालकी तालुक्यातल्या ब्यालहळ्ळीचं हे धरण. बीदर शहराच्या नळाला येतं ते पाणी इथलंच. मामा निवृत्त शिक्षक, त्यामुळे काठावर ओळखीचं कोणी ना कोणी भेटतंच. त्या सकाळी एक म्हातारे मासेमार काका थर्माकोलच्या तराफ्यावरून नुकतेच परतले होते. टोपलीत दोन कटला, एक रोहू आणि बाकी किरकोळ मासळी. मामा त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलत होते, मी मराठीत. काका दोघांनाही ज्याच्या त्याच्या भाषेत उत्तर देत होते. आपल्या भागात यात नवल ते काय!

बोलता बोलता मी त्यांना अलास्कातल्या कस्कोक्विम नदीची गोष्ट सांगितली. सुमारे अकराशे किलोमीटर लांबीची ही नदी. समुद्रात वाढलेला सामन मासा अंडी घालायला तिच्या प्रवाहाविरुद्ध चढून येतो. काठावरचे युपिक लोक तो वाळवून, धुरी देऊन हिवाळ्यासाठी साठवतात. २०१० नंतर त्यातला सर्वांत मोठा, ‘किंग’ म्हणतात तो सामन फार कमी झाला. मग मासेमारीला ठरावीक दिवशी ठरावीक तासच परवानगी मिळू लागली. त्या तासांत एक लहान विमान नदीवरून उडतं आणि किती होड्या, किती जाळी आहेत ते मोजतं. त्याच वेळी बेथेल गावच्या धक्क्यावर माणसं उभी राहून परतणाऱ्यांना विचारतात, ‘आज किती मिळाले?’ वरची मोजणी आणि खालची विचारपूस जुळवली, की त्या दिवशी एकूण किती मासा निघाला याचा अंदाज येतो. त्यावरून पुढची परवानगी ठरते. तिथल्या जमातींनी २०१५ साली आपला मत्स्य आयोग स्थापन केला. त्यामुळे निर्णयात त्यांचाही आवाज असतो.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘म्यालिंद नोडिद्र एनु काणतद, तंगी?’’ वरून पाहिलं तर काय दिसतं गं, ताई?

मी म्हणाले, ‘‘जाळी दिसतात, काका. किती आहेत ते कळतं.’’

‘‘जाळी दिसतील. आस दिसेल का?’’

आस म्हणजे जाळ्याचा डोळा, दोन गाठींमधली मोकळी जागा. काकांनी आपलं जाळं पसरून त्यात चार बोटं घातली. ‘‘यातून लहान मासा निघून जातो. पण काही जण मच्छरदाणीसारखं जाळं टाकतात. त्यात बोटाएवढं पिल्लूही अडकतं. गेल्या पावसाळ्यात सोडलेली बोटुकली यंदा किलोची झाली असती. ती बाजारात मूठमूठ विकली गेली.’’ शिवाय जाळी संध्याकाळी लावतात आणि पहाटे ओढतात. दुपारी विमान आलं तर त्याला काय दिसणार? पाण्यावर तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्याच!

मामा म्हणाले, ‘‘गुरुजी मी, पण आज शिकवणी यांची!’’

आपल्याकडे आकाशातून पहारा अगदीच नवा राहिलेला नाही. महाराष्ट्राने ९ जानेवारी २०२५ रोजी समुद्रकिनाऱ्यावरच्या बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली. पण समुद्र वेगळा आणि धरण वेगळं. बीदरला तर हवाई तळामुळे कोणीही उठून ड्रोन उडवू शकत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अशा भागात परवानगी लागतेच. कायदा मात्र जुनाच आहे. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारायला १८९७ च्या कायद्यानेच बंदी घातली. कर्नाटकाचा अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायदा १९९६ चा. कायद्याची उणीव नाही. आस मोजायला काठावर कोणी येतं का, हा प्रश्न आहे.

सामनसारखा चढून येणारा मासा आपल्या पाण्याच्या वाटेवरही आहे. कारंजा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. त्याच गोदावरीत, खाली राजमहेंद्रीकडे, पावसाळ्यात समुद्रातून हिलसा वर चढतो. आंध्रात त्याला पुलसा म्हणतात आणि त्यासाठी हवे ते पैसे मोजतात. दवलेश्वरमच्या बंधाऱ्यापाशी त्याची वाट अडते. आपल्यापर्यंत तो पोचत नाही, पण आपल्या अंगणातलं पाणी त्याच्यापर्यंत पोचतं.

निघताना काकांनी खरी काळजी सांगितली. मुलगा हैदराबादला जायचं म्हणतो. ‘‘मासा टिकला तर तो टिकेल. नाहीतर मी कुणाला थांब म्हणू?’’ त्यांना पहारा नको आहे असं नाही. पण वरून पाहणाऱ्याला लहानाचं जाळं आणि मोठ्याचं जाळं सारखंच दिसायला हवं, आणि मोजणीच्या वहीत काठावरच्या माणसाचाही शब्द लिहिला जायला हवा, एवढंच त्यांचं म्हणणं. बाराव्या शतकात कल्याणच्या शरणांमध्ये अंबिगर चौडय्या नावाचे नावाडी वचनकार होते. नाव चालवणाऱ्याचं बोलणं ऐकून घ्यायची रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही.

वाचकहो, बाजारात मासळी घेताना बोटाएवढी पिल्लं टोपलीत दिसली तर ती घेऊ नका. विकत घेणारा नसला तर बारीक जाळं टाकणाराही दोनदा विचार करील. आमच्या घरी हे आता ठरलं आहे. परवा मामींनी बाजारातून रिकामी पिशवी परत आणली आणि त्या रात्री पिठल्यावर भागवलं. मामांनी कुरकुर न करता दोनदा वाढून घेतलं.