चोवीस तासांचं रीडिंग

सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलमध्ये कोण कधी आडवा होईल सांगता येत नाही. माझा नंबर जिन्यात लागला. तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठडा धरून खाली बसलो. त्याआधी दोन महिने छातीत अधूनमधून मासा उलटल्यासारखं व्हायचं. "जागरणं, दुसरं काय!" म्हणून मी सोडून द्यायचो. त्या दिवशी मात्र रूममेटने काही ऐकलं नाही. बाईकवर बसवून थेट हॉस्पिटलात नेलं.

ईसीजी नॉर्मल आला. मी खूश, डॉक्टर नाहीत. साधा ईसीजी असतो जेमतेम 10 सेकंदांचा आणि दिवसात सेकंद असतात 86,400. म्हणजे 8,640 पैकी एकाचा पेपर तपासून अख्खं कॉलेज पास करण्यातला प्रकार! म्हणून चोवीस तास 'होल्टर' लावायचं ठरलं.

आधी फॉर्म भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता : घरात कमी वयात अचानक मृत्यू झाला आहे का? माझे काका 38व्या वर्षी झोपेतच गेले. पण पुढच्या महिन्यात प्लेसमेंट, मग मेडिकल... माझ्या पेनाने गुपचूप 'नाही'वर खूण केली.

छातीवर इलेक्ट्रोड चिकटवले, वायरी शर्टाच्या आतून कमरेच्या डबीत. चोवीस तास आंघोळ बंद. ही अट हॉस्टेलवाल्याला काही जड नाही! सोबत एक डायरी : वेळ, काय करत होतो, काय वाटलं.

मेसचे मामा म्हणाले, "काय रे, वायरिंग बाहेर आलं का?" लायब्ररीत सगळे वळून बघत होते. वैतागून रूमवर आलो आणि नेटवर वाचलं, की नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाचं 1940च्या दशकातलं पहिलं यंत्र पाठीवर वागवावं लागे आणि त्याचं वजन होतं सुमारे 38 किलो! 1961 साली त्याने आपली पद्धत 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. मग मी तक्रार बंद केली.

डायरी मात्र इमानदारीत लिहिली. 5.10, टपरीवर चहा. 6.30, परत चहा. 7.45, जिना चढलो, धडधड. 11.00, असाइनमेंट (कॉपी). 2.15, झोप.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. एकूण ठोके 1 लाख 3 हजारांवर. झोपेत वेग 46 पर्यंत उतरलेला, जिन्यात 142. मधूनमधून काही जादा ठोके, तोच माझा मासा. डॉक्टरांनी बोट एका जागी ठेवलं. "रात्री 9.20 ला काय करत होतास? डायरी कोरी आहे. वेग 118 आहे आणि जादा ठोकेही इथेच जास्त."

मी आठवलं. कॉटवर बसलो होतो. आईचा फोन आला होता. मी म्हणालो होतो, "सगळं मस्त आहे गं."

डॉक्टर काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, "सर, फॉर्ममध्ये एक चुकीचं लिहिलंय." काकांचं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण पेन खाली ठेवलं. काही हृदयविकार घराण्यात उतरतात आणि ते साध्या ईसीजीत दरवेळी दिसतातच असं नाही, हे त्यांनी समजावलं. "काकांचे कागद मिळतील का?"

कागद असले तर आईकडेच. म्हणजे फोन आलाच.

त्या रात्री तिला सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "फाईल माळ्यावर आहे. उद्या घेऊन येते." आणि लगेच, "जेवलास का?"

फाईल बघून डॉक्टरांनी आणखी तपासण्या केल्या. सगळ्या ठीक निघाल्या. दरवर्षी दाखवायला जायचं, चहा सहावरून दोनवर, आणि रात्री झोपायचं. यातली शेवटची अट सबमिशनमध्ये कशी पाळायची, ते एचओडींनीच सांगावं!

लॅबमध्ये आपण नको असलेलं रीडिंग खोडून हवं ते घालतो. ग्राफ सुंदर येतो, मार्क मिळतात. मीही तेच केलं होतं, फक्त ते रीडिंग माझं स्वतःचं होतं. तेव्हा दोस्तांनो, छातीत कधी मासा उलटला तर सबमिशन संपायची वाट बघू नका. आणि फॉर्मवर खरं लिहा.